मूठ, एक बोट, दोन बोटं

‘६ एस = पी.’ हे मी लिहिलं. मी म्हणजे मेकॅनिकलची एम. ई. झालेली, गेली अकरा वर्षं पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग मेकॅनिक्स शिकवणारी, पेपर तपासताना लाल पेनाने इतक्या फुल्या मारलेली बाई की त्या एकापुढे एक मांडल्या तर आमच्या कॉलेजच्या फाटकापासून साखर कारखान्याच्या चिमणीपर्यंत सहज पोचतील. आणि मी चुकले. कठीण गणितात नाही, सातवीतल्या पोराने सोडवावं अशा एका ओळीत चुकले. त्याला आता महिना झाला. तेव्हापासून भेटेल त्याला गाठून मी हेच सांगत सुटले आहे. भाजीवाल्या मावशींनाही सोडलेलं नाही. आता तुमची पाळी.

त्याचं झालं असं. आम्हा शिक्षकांसाठी पाच दिवसांची कार्यशाळा असते, तिला सगळे एफडीपी म्हणतात. पहिल्या रांगेत प्राचार्य आणि पाहुणे, मागच्या रांगेत तपासायच्या पेपरांचे गठ्ठे, मधल्या रांगांत डुलक्या आणि चार वाजता चहा-बिस्किटं. शेवटच्या दिवशी एक निवृत्त सर आले. लॅपटॉप नाही, पीपीटी नाही. त्यांनी खडू घेतला, फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं आणि म्हणाले, याचं समीकरण करा. विद्यार्थ्यांच्या संख्येला ‘एस’ म्हणा, प्राध्यापकांच्या संख्येला ‘पी’. वाक्य एवढंच, की या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.

पाच सेकंदांत लिहून मी पेनाला टोपणसुद्धा लावलं. शेजारच्या सिव्हिलच्या सरांच्या वहीत हळूच डोकावले. तेच उत्तर! मग काय, प्रश्नच मिटला.

सरांनी कुणाचंही उत्तर चूक म्हटलं नाही. फक्त विचारलं, “समजा प्राध्यापक दहा आहेत. मग विद्यार्थी किती?” साठ, आम्ही एका सुरात. “आता तुमच्या समीकरणात घाला.” सहा गुणिले साठ, तीनशे साठ. बरोबर... दहा? माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. माझ्या समीकरणाप्रमाणे साठ पोरांना शिकवायला तीनशे साठ प्राध्यापक लागत होते. तसं असतं तर आमच्या नोकऱ्या किती पक्क्या असत्या! सभागृहात आधी शांतता, मग हशा, मग कुजबुज; आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच एफडीपीतली मधली रांग टक्क जागी झाली.

सर म्हणाले, लाजू नका, तुम्ही एकटे नाही. क्लेमंट, लॉकहेड आणि मंक या अमेरिकेतल्या तिघा संशोधकांनी हाच प्रश्न इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुलांना घातला आणि १९८१ मध्ये निकाल छापला. ३७ टक्के मुलं चुकली होती. चुकलेल्यांपैकी दोन-तृतीयांश मुलांनी नेमकं माझंच उत्तर लिहिलं होतं.

का चुकतो आपण? कारणं दोन. पहिलं सरळ आहे. इंग्रजी वाक्यात आधी सहा येतात, मग विद्यार्थी, मग प्राध्यापक. आपण आलं तसं उतरवून मोकळे होतो. दुसरं कारण मात्र आत रुतलेलं आहे. ‘एस’ ही विद्यार्थ्यांची संख्या आहे हे विसरून आपण त्याला डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं वापरतो. सहा एस म्हणजे सहा विद्यार्थी, त्यांच्यासमोर एक पी म्हणजे एक प्राध्यापक. डोळ्यांसमोरचं चित्र अगदी खरं, समीकरण मात्र उलटं. म्हणजे चूक बेरीज-गुणाकाराची नव्हतीच. मी एका अक्षराकडे बघत होते आणि ते अक्षर कशासाठी उभं आहे हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं मी फळाभर अक्षरं लिहिते आहे!

त्या रात्री अकरा वाजता कणकेचा गोळा झाकून ठेवताना मी ताडकन थांबले. अरे, मराठीत तर वाक्य उलटं चालतं! ‘प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी’: आधी प्राध्यापक, मग सहा, मग विद्यार्थी. आलं तसं उतरवलं तरी ‘६ पी = एस’ हेच हाती लागणार. म्हणजे मराठीतून विचारलं तर आमची पोरं चुकणारच नाहीत! नवऱ्याला उठवून सांगितलं. तो कूस बदलत म्हणाला, “नोबेल सकाळी घेतलं तर चालेल का?”

दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाला इंग्रजी चिठ्ठ्या दिल्या, अर्ध्या वर्गाला मराठी. मराठी चिठ्ठीत ‘वि’ आणि ‘प्रा’ अशी अक्षरं घ्यायला सांगितली. चिठ्ठ्या उघडताना माझे हात थरथरत होते, इतके की स्वतःच्या बारावीच्या निकालाच्या वेळीही थरथरले नसतील. आणि मराठी चिठ्ठ्यांतही उलटी समीकरणं निघाली! दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘६ वि = प्रा’. मी विचारलं, कसं गं? ती म्हणाली, “सहा वि-मागे एक प्रा, असंच ना मॅडम?” दुसरं कारण! वाक्याचा क्रम बदलला तरी डब्यावरची चिठ्ठी तिथेच चिकटलेली.

माझा सिद्धान्त पुरते बारा तासही टिकला नाही आणि मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या. एका वर्गातल्या चिठ्ठ्या म्हणजे काही संशोधन नव्हे, हे मलाही कळतं. पण अकरा वर्षांत मी त्या वर्गात अशी एकही गोष्ट केली नव्हती, जिचं उत्तर मला आधीपासून पाठ नव्हतं. आणि इथे मी एक अंदाज बांधला, तो तपासला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पडला. विज्ञान म्हणतात ते हेच ना? मग मी इतकी वर्षं काय शिकवत होते?

मग मी वेड्यासारखी वाचत सुटले. क्लेमंट आणि लॉकहेड यांना दुसरी एक गंमत दिसली होती. समीकरण मागण्याऐवजी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला, की जास्त मुलं बरोबर येतात. का, तर प्रोग्रॅम ही करायची कृती असते: प्राध्यापकांचा आकडा घे, त्याला सहाने गुण, विद्यार्थ्यांचा आकडा बाहेर दे. तिथे अक्षराला चिठ्ठी होऊन बसायची सोय नाही. मी त्याच मुलीला ‘सी’मधली ओळ लिहायला लावली. तिने बरोबर लिहिली. मग दोन्ही ओळी शेजारी शेजारी ठेवून ती बघत बसली, आणि तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या. त्या भुवया मी विसरणार नाही. मी एक अक्षरही समजावलं नव्हतं. तिचीच एक ओळ तिच्याच दुसऱ्या ओळीशी भांडत होती.

वाचता वाचता एरिक माझूर सापडले. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे, मुलांनी भरभरून वाखाणलेले शिक्षक. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात हलून आणि हेस्टिनिस यांनी १९८५ मध्ये न्यूटनच्या नियमांवरचे अगदी साध्या भाषेतले प्रश्न मुलांना घालून दाखवलं होतं, की गणितं सोडवणाऱ्या मुलांच्या डोक्यातली मूळ समज जशीच्या तशी, न्यूटनच्या आधीची, राहिलेली असते. माझूरना वाटलं, आपल्याकडे असं असणं शक्य नाही. त्यांनी हार्वर्डच्या मुलांना तसेच प्रश्न दिले. तेव्हा एकाने विचारलं म्हणे, की शिकवलंत त्याप्रमाणे लिहायचं, की मनात जसा विचार येतो त्याप्रमाणे? हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. डोक्यात दोन खाती! एक परीक्षेचं, एक खरं. आणि मी अकरा वर्षं फक्त पहिल्या खात्यात भरणा करत आले.

त्या साध्या प्रश्नांतला एक मी आमच्याकडचा करून घेतला. उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकले. कोणी कोणाला जास्त जोराने धडक दिली? आमच्या वर्गात न्यूटनचा तिसरा नियम झोपेतसुद्धा म्हणतात, क्रियेइतकीच प्रतिक्रिया, दिशा विरुद्ध. आणि तोच वर्ग एकमुखाने म्हणाला, ट्रॅक्टरने! “मॅडम, मोटारीचा चुरा होतो की. आमच्या गावच्या फाट्यावर बघितलाय.” बघितलाय हे खरंच आहे. मोटारीचा चुरा होतो तो तिच्यावर जास्त बल लागलं म्हणून नाही. तेवढंच बल हलक्या वस्तूचा वेग फार झपाट्याने बदलतं, आणि तिचा पत्राही पातळ. बल समान, भोग वेगळे. पण हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी वहीत उतरवलं असतं, पहिल्या खात्यात जमा केलं असतं, आणि फाट्यावरचा ट्रॅक्टर जिथे होता तिथेच राहिला असता.

मग करायचं काय? माझूरनी १९९१ पासून जे केलं ते इतकं साधं आहे की राग येतो. प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि उत्तर ठरवून टाकायचं, जाहीर करायचं. मग शेजाऱ्याशी बोलायचं, त्याला पटवायचं. मग पुन्हा उत्तर द्यायचं. शिक्षकाने तोपर्यंत तोंड बंद ठेवायचं. बस्स. ज्याला आत्ताच समजलेलं असतं त्याला आपण कुठे अडलो होतो ते ताजं आठवतं, म्हणून तो शेजाऱ्याला शिक्षकापेक्षा चांगलं समजावतो. आणि हे कुणा एकाचं सांगणं नाही. रिचर्ड हेक यांनी ६२ वर्गांमधल्या ६,५४२ मुलांचे निकाल गोळा करून १९९८ मध्ये मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं, त्यातलं सत्र संपेपर्यंत किती आलं? नेहमीच्या व्याख्यान पद्धतीच्या वर्गांत सरासरी २३ टक्के. मुलांना डोकं लढवायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. दुपटीहून जास्त!

आता आमची प्रयोगशाळा बघा. कपाटात कप्प्या होत्या, स्प्रिंगचे काटे होते, ऑइलपेंट लावलेली वजनं होती. सगळं वर्षातून एकदा बाहेर निघतं, जर्नलमध्ये शिक्का पडला की परत आत. प्रयोगशाळेचे मामा, तीस वर्षं नोकरी झालेले, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मी म्हटलं, मामा, टेबलाच्या दोन्ही कडांना एकेक कप्पी लावा. टेबलाच्या मधोमध काटा आडवा ठेवा. त्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या, दोऱ्या कप्प्यांवरून खाली, आणि दोन्हीकडे एकेक किलोचं वजन. पण वजनं हाताने उचलून धरा, मी सांगेपर्यंत सोडायची नाहीत.

वर्गाला विचारलं, सोडल्यावर काटा किती दाखवेल? शून्य, एक की दोन? उत्तर बोलायचं नाही. छातीशी हात धरून दाखवायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसणार नाही: मूठ म्हणजे शून्य, एक बोट म्हणजे एक, दोन बोटं म्हणजे दोन. एक, दोन, तीन, दाखवा!

मुठींचं आणि दोन-दोन बोटांचं रान उगवलं. मधे कुठेतरी तुरळक एकेकटी बोटं, तीही बिचकत. मूठवाल्यांचं म्हणणं, दोन्हीकडून सारखं ओढलं तर एकमेकांना खाऊन टाकणार, उरलं काय? दोनवाल्यांचं म्हणणं, एक आणि एक दोन, यात विचारायचं काय? मामांनी वजनं धरलेल्या हातांनीच सांगून टाकलं, “दोन की मॅडम! ह्यात काय!”

“आता शेजाऱ्याला पटवा. दोन मिनिटं.”

काय तो गलका! शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून गेले, तास सुटला की काय म्हणून. शेवटून दुसऱ्या बाकावर दोघे भांडत होते. एक मूठवाला, मेकॅनिक्समध्ये नापास होऊन केटी लागलेला. आजवर त्याने माझ्याशी बोललेली सगळी वाक्यं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. दुसरा दोनवाला, वर्गात पहिला. मी कान देऊन उभी राहिले. केटीवाला म्हणत होता, “थांब रे, एका बाजूचं वजन काढून टाकू. तिकडची दोरी भिंतीतल्या खिळ्याला बांधू. आता काटा किती दाखवणार?” पहिला म्हणाला, “एक. सरळच आहे, एकच वजन लटकतंय.” “मग खिळा काय करतोय? दोरी धरूनच ठेवतोय ना? ते दुसरं वजन पण दोरी धरूनच ठेवत होतं की.” दोघंही गप्प झाले. मग केटीवाल्याने स्वतःच्या मुठीकडे बघितलं आणि हळूच एक बोट उघडलं.

मला ओरडावंसं वाटत होतं. हा युक्तिवाद कुठल्याही गाइडमध्ये नाही, ‘आयएमपी’च्या यादीत नाही, माझ्या फळ्यावर तर अकरा वर्षांत कधीच नव्हता. मी हे उदाहरण दोरीतला ताण ‘टी’ मानून, समीकरण मांडून, दोन ओळींत उडवलं असतं. उत्तर मला ठाऊक होतं. पण खिळा मला सुचला नव्हता.

दुसऱ्यांदा हात वर झाले तेव्हा एकेकटी बोटं बरीच वाढली होती. तरी थोड्या मुठी, थोडी दोन बोटं ठाम होतीच. मला ती सुद्धा आवडली. “सोडा मामा!”

काटा एकवर आला आणि थरथरत तिथेच थांबला. क्षणभर शांतता, मग असा आरडाओरडा की पोरांनी क्रिकेटचा सामना जिंकला असावा. मामांनी काट्याला टिचकी मारली. पुन्हा मारली. “काटा अडकलाय बघा ह्यो. जुना हाय.” मग त्यांनी कपाटातून दुसरा काटा काढून जोडला. एक. तिसरा जोडला. एक. मामा टेबलाकडे बघत राहिले, जसं माणूस दुकानदाराने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांकडे बघतो. पण बघा ना, त्यांनी काय केलं? उत्तर पटलं नाही म्हणून उपकरणावर संशय घेतला आणि तो संशय दोनदा तपासला! पोरांना मी म्हटलं, आजचा सगळ्यात चांगला इंजिनिअर मामा. पोरं हसली, पण मी गंमत करत नव्हते.

घरी जाताना भाजीवाल्या मावशींनी हातातला काटा वर धरून वांगी तोलली आणि मी थबकले. वांगी खाली ओढताहेत, मावशींचा हात तेवढ्याच जोराने वर ओढतो आहे. काट्याला दोन्हीकडून ओढ असतेच, नेहमीच! एका बाजूच्या ओढीने काटा कधी चालतच नाही. हाताची ओढ आपण मोजत नाही, कारण तिचे पैसे कुणी लावत नाही. हे सगळं मी मावशींना सांगितलं. त्यांनी दोन वांगी जास्त घातली, बहुधा मी लवकर निघावं म्हणून.

सगळं गोडगोड झालं असं मात्र समजू नका. आठवड्याने वर्गातल्या हुशार पोरांचं शिष्टमंडळ आलं. “मॅडम, ह्या आठवड्यात तुम्ही काही शिकवलंच नाही. आम्हीच बोलतोय. न्यूमेरिकल्स कधी घेणार?” मी हिरमुसले. मग शोधलं, तर हार्वर्डमध्येच २०१९ साली हे मोजलेलं! भौतिकशास्त्राच्या मुलांचे दोन गट. एका गटाला छान, ओघवतं व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः झगडायला लावणारा तास. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. चाचणीत झगडणारी मुलं पुढे होती. पण आपण किती शिकलो असं वाटतं, हे विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना जास्त शिकल्यासारखं वाटत होतं. चढ चढताना आपण हळू चाललोय असंच वाटतं ना, तसं! मी तो निकाल शिष्टमंडळापुढे ठेवला. त्यांच्यातल्या एकीने लगेच विचारलं, “पण मॅडम, ती हार्वर्डची मुलं. आपल्याकडे तसंच होईल कशावरून?” मी खुर्चीतून उठून तिच्याशी हस्तांदोलन केलं. हाच तर प्रश्न! कशावरून? हा एक शब्द वर्गात आला, की माझं अर्धं काम झालं.

न्यूमेरिकल्सही घेतली, पण निराळ्या तऱ्हेने. जुन्या पेपरांतली गणितं कापून चिठ्ठ्या केल्या आणि सांगितलं, सोडवू नका, फक्त गठ्ठे लावा. जी एकाच जातीची वाटतात ती एकत्र. पोरांनी फटाफट लावले: शिडीची, कप्पीची, उताराची, स्प्रिंगची. आमची पुस्तकं तशीच छापलेली असतात, आम्ही तसंच शिकवतो. १९८१ मध्येच मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हाच खेळ मांडला होता. नवशिक्यांनी वर दिसणाऱ्या वस्तूंवरून गठ्ठे लावले, मुरलेल्यांनी आतल्या तत्त्वावरून: ही ऊर्जेच्या अक्षय्यतेची, ही न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. उतारावरून घसरणारा ठोकळा आणि स्प्रिंगवर आपटणारा ठोकळा एकाच गठ्ठ्यात! मी पोरांना दुसऱ्यांदा गठ्ठे लावायला लावले आणि प्रत्येक गठ्ठ्यावर कारण लिहायला सांगितलं. तासभर एकही गणित सुटलं नाही. इतकं गणित त्या वर्गात कधी झालं नव्हतं.

आणि आता एक कबुली. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्ड या इंजिनिअरिंगच्या पदव्यांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून मूल्यांकनासाठी इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये तक्त्यांचा पूर आहे. पदवीधरात ठरावीक गुण असावेत, त्यांतला दुसराच गुण समस्येचं विश्लेषण. आपला विषय त्या गुणाशी किती जोडलेला आहे ते प्रत्येकाने आकड्यात भरायचं: १ म्हणजे थोडा, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे घट्ट. मी दर सत्राला चहाचा घोट घेत घेत ३ भरत आले. समस्येचं विश्लेषण फळ्यावर मी करत होते, पोरं उतरवून घेत होती, आणि तक्ता म्हणत होता, घट्ट. यंदा तो तक्ता आला तेव्हा माझं पेन त्या चौकोनावर कितीतरी वेळ अडून राहिलं.

आणखी एक चुटपुट. मानखुर्दला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ मध्ये सुरू झालेलं. मुलं विज्ञान कशी शिकतात, कुठे अडतात, यावर तिथे इतकी वर्षं काम चाललं आहे. वाशीच्या मावशीकडे जाताना हार्बर लोकलने मी किती वेळा मानखुर्दवरून गेले असेन! दर वेळी खिडकीतून खाडी कधी दिसते एवढंच बघत होते.

आता काल काय झालं ते सांगते आणि थांबते. पाच वाजून गेले होते. तो केटीवाला प्रयोगशाळेच्या दारात उभा. “मॅडम, एक विचारू? ती दोन वजनं आहेत ना, त्यातलं एक पाण्यात बुडवून ठेवलं आणि मग दोन्ही सोडली, तर काटा किती दाखवेल?” उत्तर सांगायला माझं तोंड उघडलं. अकरा वर्षांची सवय आहे ती. पाण्यात वजन हलकं होणार, म्हणजे कोरडं वजन खाली जाणार, म्हणजे सगळं हलायला लागणार, मग काटा... आणि बुडालेलं वजन वर येत येत पाण्याबाहेर आलं की? मी तोंड मिटलं. मला खरंच नीट ठाऊक नव्हतं.

“मामा,” मी हाक मारली, “बादली आणा. भरून.”

घरी निघालेली चार-पाच पोरं दप्तरं खांद्यावर घेऊनच परत आत आली. मामांनी पाणी न सांडता बादली टेबलाच्या कडेखाली ठेवली, वजन बुडवलं, दोऱ्या धरल्या आणि म्हणाले, “ह्या खेपेला म्या आधी काय बी बोलणार न्हाई.”

“असं चालत नाही मामा,” केटीवाला म्हणाला. “आधी बोट दाखवायचं. सगळ्यांनी.”

सगळ्यांनी हात छातीशी घेतले, मीसुद्धा. मामांनी दोन्ही दोऱ्या एका मुठीत पकडल्या, मोकळा हात वर केला, थोडा वेळ बादलीकडे बघितलं, आणि एक बोट उघडलं. मग विचार करून ते किंचित वाकवलं.